जखम घोट्यावर, गळती जांघेत

लातुरात शिकवणीच्या पोरांसाठी मेस चालवणाऱ्या एका बाईंची ही केस, व्हेरिकोज व्हेन्सची, म्हणजे पायातल्या फुगलेल्या, गळक्या नसांची. पोरं त्यांना मावशी म्हणतात, म्हणून इथेही मावशीच म्हणतो. त्यांना विचारून लिहितोय. ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत, पायाचा मात्र एकही नाही.

वय ४८. दोन बाळंतपणं. वजन ७१ किलो, उंची जेमतेम पाच फूट. पहाटे पाचला ओट्यापुढे उभ्या राहतात त्या अकरापर्यंत, आणि पुन्हा चार ते साडेआठ. सत्तर डबे, दोन्ही वेळच्या मिळून चारशेच्या वर पोळ्या. मदतीला एक बाई आहे, ती भाजी चिरते, भांडी घासते. लाटणं-भाजणं मावशींच्या हातचंच लागतं. तक्रार एकच: डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला चौदा महिने न भरणारी जखम.

चौदापैकी अकरा महिन्यांत माझाही वाटा आहे. त्या माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा जखम तीन महिन्यांची होती. मी जखम पाहिली, पस कल्चरला पाठवला, गोळ्या लिहिल्या, शुगर तपासली (नव्हती), आणि सहा आठवडे दिवसाआड ड्रेसिंग केलं. मावशी टेबलावर आडव्या, साडी चार बोटं वर, पाय माझ्या पुढ्यात. त्या सहा आठवड्यांत मी त्यांना एकदाही उभं केलं नाही. जखम थोडी आखडली, त्या यायच्या थांबल्या, आणि मी समजलो की बरी झाली.

त्यानंतरच्या महिन्यांत त्या पायाने बरंच पाहिलं. कुणी हळद-तेल भरलं, कुणी झेंडूच्या पाल्याचा रस सोडला. औशाकडच्या एका नातेवाइकाने ‘शुगरच असणार, मशीन चुकतंय’ म्हणून भात-साखर बंद करवली. एका दवाखान्यात कलर डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) झालं. त्याचा कागद मावशींनी प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून जपून ठेवला होता. त्याच्याकडे पुढे येतो.

परत आणलं ते रक्ताने. फेब्रुवारीतली पहाट, न्हाणीघर, गरम पाणी. घोट्याच्या खाली निळसर फोडासारखी एक नस होती, तिला टॉवेल घासला आणि रक्ताची चिळकांडी समोरच्या भिंतीवर. दुखलं काहीच नाही. पाय ओला वाटला म्हणून खाली पाहिलं तर मोरीतलं पाणी लाल. घरच्यांनी जे केलं ते कुणीही केलं असतं: ओढणी आणली आणि गुडघ्याखाली करकचून आवळली, मावशींना खुर्चीवर बसवलं. रक्त वाढलं. वाढणारच. शिरेतलं रक्त खालून वर जात असतं; वर आवळलं की त्याची वाट बंद होते आणि आवळलेल्या जागेच्या खाली दाब चढतो. खुर्चीत पाय लोंबता असल्याने त्यात भरच. अशा वेळी माणसाला जमिनीवर आडवं करायचं, पाय भिंतीला किंवा कुणाच्या खांद्याला टेकवून उंच धरायचा, आणि जिथून रक्त येतंय तिथेच स्वच्छ कापडाने दहा-पंधरा मिनिटं दाबून ठेवायचं, मधे उचलून ‘थांबलं का’ पाहायचं नाही. एवढ्याने बहुतेक वेळा थांबतं. मावशींचं शेवटी थांबलं ते रिक्षात, कारण मुलाने त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं आणि पाय स्वतःच्या मांडीवर घेतला.

या वेळी मी आधी सांगितलं, ‘ताई, उभ्या राहा. साडी गुडघ्याच्या वर घ्या.’ सिस्टर पडदा धरून उभी. मावशी म्हणाल्या, ‘जखम तर खाली हाय की साहेब.’

उभं राहून अर्धं मिनिट झालं आणि पाय भरायला लागला. मांडीच्या आतून गुडघ्याच्या बाजूने पोटरीपर्यंत करंगळीएवढी जाड, वळणावळणाची नस वर आली. घोट्याच्या वरची कातडी काळपट तपकिरी, हाताला चिवट, चिमटीत धरता न येणारी. पायाचा आकारच बदललेला: पोटरी जाड आणि तिच्याखाली एकदम बारीक, सुतळीने आवळलेल्या पोत्याच्या तोंडासारखा. जखम पाच सेंटिमीटर लांब, तीन रुंद, उथळ, तळाशी पिवळट थर, कडा उतरत्या. आडव्या बाईच्या पायावर यातलं निम्मं दिसत नाही. दिसतं ते काळं कातडं, आणि ते आपण ‘जुनी जखम आहे, डाग राहणारच’ म्हणून सोडून देतो. मीही सोडलं होतं.

नंतर ती जुनी चाचणी केली, जिला ट्रेंडेलेनबर्ग या जर्मन सर्जनचं नाव आहे. सव्वाशे वर्षांहून जुनी, मशीन लागत नाही. आडवं झोपवून पाय वर उचलला, नसा हाताने निपटून रिकाम्या केल्या, जांघेत अंगठा दाबून धरला आणि तसंच उभं केलं. नसा रिकाम्याच राहिल्या. अंगठा काढला मात्र, वरून खाली धबाबा भरल्या. दोन मिनिटांचं काम. ते मी अकरा महिन्यांपूर्वी करू शकलो असतो.

आता तो प्लास्टिकच्या पिशवीतला कागद. त्यावर लिहिलं होतं: डाव्या पायाच्या खोल शिरा मोकळ्या, गुठळी नाही. बरोबरच लिहिलं होतं. पण ती तपासणी झोपवून झालेली, आणि प्रश्न विचारला होता एकच, गुठळी आहे का. झडपा नीट मिटतात का हे कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्याचं उत्तरही कागदावर नव्हतं. घरच्यांनी, आणि मधल्या दोन डॉक्टरांनीही, त्या ओळीचा अर्थ लावला ‘नसा नॉर्मल’. मराठवाड्यात मी पाहिलेल्या अशा जखमांपैकी कितीतरी या एका ओळीपाशी अडकलेल्या असतात. डॉपलर लिहिताना चिठ्ठीवर ‘उभं करून, उलटा प्रवाह पाहणे’ एवढं लिहिलं तरी निम्मं काम होतं.

आमच्याकडे उभं करून डॉपलर केलं. वजन उजव्या पायावर, डावा सैल. जांघेत प्रोब, दुसऱ्या हाताने पोटरी दाबायची आणि सोडायची. दाबल्यावर रक्त वर जातं. सोडल्यावर झडप मिटून ते जागच्या जागी थांबायला हवं. अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटं आलं तर झडप गेली असं धरतात. मावशींचं तीन सेकंदांहून जास्त आलं. घोट्यापासून जांघेपर्यंत कातडीखालून जाणारी मोठी शीर मांडीत नऊ मिलिमीटर रुंद झालेली. जखमेच्या जरा वर, आतल्या-बाहेरच्या शिरांना जोडणारी एक आडवी शीरही साडेचार मिलिमीटरची आणि गळकी. खोल शिरा मोकळ्या, त्यांच्या झडपा शाबूत. हे शेवटचं फार महत्त्वाचं. खोल शिरा बुजलेल्या असत्या तर वरची शीर हीच त्या पायाची उरलेली वाट ठरली असती, आणि ती बंद करायच्या आधी दहादा विचार करावा लागला असता.

बाकीच्या तपासण्या पटकन सांगतो. घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर १.०४, म्हणजे धमन्या चांगल्या, पाय घट्ट बांधायला हरकत नाही. धमनीचं दुखणं असलेल्या पायाला घट्ट पट्टी बांधली तर बोटं काळी पडतात, म्हणून ही मोजणी पट्टीच्या आधी. पावलाला स्पर्श कळत होता. हिमोग्लोबिन ९.१, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. जखम वर्षाहून जुनी असल्याने कडेचा तुकडा तपासायला पाठवला, कॅन्सर नाही. शिरांच्या आजाराच्या वर्गवारीत सगळ्यात वरची पायरी, सहावी: उघडी जखम.

विहिरीवरचा फुटवॉल

मावशींचे मालक औसा तालुक्यात चार एकर पाहतात, सोयाबीन आणि तूर. बोलणं त्यांच्याशी झालं. म्हटलं, विहिरीवरच्या मोटारीचा फुटवॉल (पाईपाच्या तळाची झडप) गळायला लागला की काय होतं? म्हणाले, ‘पाईपातलं पाणी पुन्हा खाली उतरतंय, मोटार नुसती हवा मारती.’ तेच पायात. पोटरी म्हणजे मोटार. चाललं की ती आवळते आणि रक्त वर ढकलते. शिरेत जागोजागी झडपा, रक्त परत खाली येऊ नये म्हणून. जांघेतली मुख्य झडप गेली की वरच्या रक्ताचा सगळा भार खालच्या झडपेवर, मग ती जाते, मग तिच्या खालची. शेवटी उभ्या माणसाच्या घोट्यावर जांघेपर्यंतच्या रक्ताचा पूर्ण दाब. बारीक नसांतून पाणी आणि तांबड्या पेशी बाहेर झिरपतात. पेशींतलं लोह कातडीत साचून ती काळी पडते, पोषण पोचत नाही, आणि मग ओट्याचा कोपरा जरी लागला तरी जखम होते आणि भरत नाही. वर रोज मलम लावणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

मालकांनी जो प्रश्न केला तो मला आजवर एकाही शिकलेल्या नातेवाइकाने विचारला नव्हता. ‘फुटवॉल गेला तर आम्ही फुटवॉल बदलताव साहेब. तुम्ही तर पाईपच बंद करायलालाव. मग रगत जावं कुठून?’

खरं आहे. या शिरेची झडप बदलण्याचा चांगला उपाय आज हाताशी नाही. पण पायाचं बहुतेक रक्त, साधारण दहातले नऊ भाग, स्नायूंच्या आतल्या खोल शिरांतून जातं. कातडीखालची ही शीर पोटलाइन आहे. ती गळत असेल तर खोल लाइनने वर चढवलेलं रक्तच जांघेतून हिच्यात उतरतं आणि पुन्हा घोट्यावर येतं, नुसतं गोल फिरत राहतं. पोटलाइन मिटवली की मुख्य लाइन हलकी होते. मुलाचा प्रश्न वेगळा होता: उद्या आईचं बायपास करायची वेळ आली तर हीच नस लागते ना? लागते, पण नऊ मिलिमीटरला फुगलेली, वळलेली नस त्या कामाला फारशी उपयोगी नसते.

पैसे आणि पाट्या

मधल्या काळात मावशी एका मोफत नसांच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. तिथे दोन्ही पायांचं ‘पॅकेज’ सांगितलं होतं, १ लाख ६० हजार, आणि आठवड्यात केलं नाही तर पाय जाईल अशी भीती घातली होती. उजव्या पायावर दोन फुगलेल्या नसा आहेत, सूज नाही, डाग नाही, दुखणं नाही. त्या पायाला घाई कसली? आणि डाव्याला घाई असली तरी ती ‘पाय जाईल’ची नव्हे. शिरेच्या जखमेने पाय सहसा जात नाही. जातात ते माणसाचे दिवस, झोप आणि कामाचे पैसे.

‘बिना टाका, बिना चिरा’ अशा पाट्या आता तालुक्यालाही दिसतात. पाटीवरचं खोटं नाही, पण अर्धं आहे. पूर्वी पाठीत भूल देऊन जांघेत चिरा घ्यायचे, शीर बांधायचे आणि तारेवर ओढून काढायचे. ते ऑपरेशन वाईट नव्हतं. मी स्वतः शेकड्यांनी केलीत, आणि अजूनही जिथे मशीन नाही तिथे ते जरूर करावं. पण मांडी काळीनिळी व्हायची, दोन-तीन आठवडे घरी बसावं लागायचं. आता शीर आत ठेवूनच बंद करतात. लेझरने किंवा रेडिओ लहरींच्या उष्णतेने आतून भाजून, एका खास गोंदाने चिकटवून, किंवा औषधाचा फेस सोडून. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शनात क्रम असा आहे: आधी उष्णतेचा उपाय, तो जमत नसेल तर फेस, तोही जमत नसेल तर शस्त्रक्रिया. लेझर की रेडिओ लहरी यावर रुग्ण माझ्याशी वाद घालतात, मोबाइलवर पाहून येतात. शीर बंद करण्यात दोन्ही जवळपास सारखे. माझ्याकडे लेझर आहे म्हणून मी लेझर करतो, यापलीकडे त्यात गुपित नाही. गोंदात शिरेभोवती भुलीच्या सुया टोचाव्या लागत नाहीत, हा त्याचा मोठा फायदा, पण तो महाग पडतो.

एक विचारायलाच हवं ते सांगतो: लेझरचा फायबर एकदाच वापरायचा असतो. नवीन पाकीट डोळ्यांसमोर फोडा, असं म्हणायला लाजू नये. आणि जन आरोग्य योजनेत आपलं बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून तारीख घेण्याआधीच पाहून घ्यावं.

मावशींचं म्हणणं, ‘पोरांची नीट झाली की करू.’ नीटची परीक्षा मे महिन्याच्या सुरुवातीला, आणि आम्ही मार्चच्या अखेरीस बोलत होतो. जखम भरल्यावर शीर बंद करावी की आधीच, हा वाद शास्त्रातही बराच काळ होता. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या वीस केंद्रांतल्या ४५० रुग्णांचा अभ्यास आला. सगळ्यांना दाबपट्टी होतीच. निम्म्यांची शीर दोन आठवड्यांच्या आत बंद केली, निम्म्यांची नंतर, जखम भरल्यावर किंवा सहा महिने उलटल्यावर. लवकर केलेल्यांपैकी निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, उशिरा केलेल्यांपैकी निम्म्यांच्या ८२ दिवसांत. त्याआधी २००४ च्या एका अभ्यासात दिसलं होतं की नुसत्या दाबपट्टीनेही जखम भरते, पण वर्षभरात शंभरातल्या २८ जणांना पुन्हा होते. सोबत शिरेची शस्त्रक्रिया केली तर १२ जणांना. मावशींना मी आकडे सांगितले नाहीत. सांगितलं ते इतकंच, की भरती करायचं नाही, सकाळी येऊन दुपारी घरी, आणि तीन दिवस ओट्यापुढे उभं राहायचं नाही. जाऊबाईंनी तीन दिवस मेस सांभाळायची कबुली दिली. एप्रिलचा दुसरा आठवडा ठरला.

टेबलावर

आधी उभं करून पेनाने नस आखून घेतली. आडवं झाल्यावर ती सापडत नाही. मग सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत गुडघ्याच्या जरासं खाली सुई शिरेत, सुईतून तार, तारेवरून बारीक नळी, नळीतून फायबर. जांघेत ही शीर खोल शिरेला मिळते, त्या जागेच्या दोन सेंटिमीटर अलीकडे टोक थांबवलं. त्याच्या पुढे खोल शीर आहे, तिला झळ लागता कामा नये. खाली घोट्यापर्यंत का नाही भाजलं, असं मुलाने नंतर विचारलं. गुडघ्याच्या खाली त्या शिरेला लगटून एक मज्जातंतू जातो. तो भाजला तर पोटरीच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहतो. त्या भागाचं काम फेसावर सोपवलं.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो भूल भरण्यात, आणि कसबही तिथेच. अर्धा लिटर थंडगार सलाइनमध्ये लिग्नोकेन, अ‍ॅड्रेनालिन आणि सोडा घालून ते शिरेच्या भोवती, तिच्या खोळीत, सुईने भरत जायचं. पडद्यावर शीर मधोमध आणि भोवती काळं पाणी, असं अंड्याच्या बलकासारखं दिसायला लागलं की समजायचं नीट भरलं. या पाण्याने भूल पडते, शीर दबून फायबरला चिकटते, आणि उष्णता कातडीपर्यंत पोचत नाही. पाणी कमी पडलं की पाय भाजतो. तेव्हा इथे घाई करणारा हात नको.

सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे, मावशींच्याही. ‘सिनेमातल्यावानी,’ त्या म्हणाल्या. ३४ सेंटिमीटर शीर, दर सेंटिमीटरला सुमारे ६८ जूल या हिशेबाने फायबर हळूहळू मागे घेतला. मधे एकदा गुडघ्यापाशी त्यांनी ‘हितं चटका बसायलालाय’ म्हटलं. थांबलो, तिथे आणखी पाणी भरलं, पुढे गेलो.

नंतर फेस. दोन सिरिंजा, मधे तीन तोंडांचा नळ. एक भाग पॉलिडोकॅनॉल औषध, चार भाग हवा, आणि इकडून तिकडे वीसेक वेळा मारायचं. ताक घुसळल्यावर वर येतो तसा घट्ट पांढरा फेस होतो. ही पद्धत टेसारी या इटालियन डॉक्टरची, २००० सालची. फेस दोन-चार मिनिटांत फुटायला लागतो, म्हणून तयार झाल्या झाल्या वापरायचा. जखमेकडे जाणाऱ्या नसांत सहा मिलिलिटर सोडला. एका बैठकीत दहाच्या वर जायचं नाही. ती गळकी आडवी शीर मुद्दाम सोडली. वरचा दाब गेला की अशा कित्येक आपोआप सावरतात. काही डॉक्टर ती त्याच दिवशी बंद करतात, आणि त्यांचंही चूक म्हणता येत नाही.

घोट्यापासून गुडघ्यापर्यंत थराथरांची पट्टी, पंचवीस मिनिटं व्हरांड्यात चालणं, चहा, आणि घरी. पाचव्या दिवशी पुन्हा डॉपलर: शीर वरपर्यंत बंद, खोल शिरेत गुठळी सरकलेली नाही. क्वचित सरकते, म्हणून ही तपासणी टाळायची नाही.

बेचाळीस डिग्रीतली पट्टी

इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे. दहाव्या दिवशी मावशी आल्या तेव्हा पायात पट्टी नव्हती, पिशवीत होती. एप्रिलअखेरचं लातूर, बाहेर बेचाळीस, आत दोन गॅस आणि तवा. पट्टीखाली घाम, खाज, आणि रात्री कुत्र्यासारखं खाजवणं. डॉपलरनंतर तिसऱ्याच दिवशी त्यांनी ती सोडली होती आणि मला सांगायची भीती वाटली होती. जखमेतून पाणी वाहत होतं, पाय पुन्हा सुजलेला. मी रागावलो. रागावायला नको होतं. ती पट्टी थंड देशातल्या, खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी केलेली आहे. मी ती भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या बाईच्या पायावर बांधून मोकळा झालो होतो.

मग सिस्टरने तोडगा काढला. जाड थरांची पट्टी बंद. आत पातळ सुती मोजा, वर कमी ताणाची एकच पट्टी, आठवड्यातून तीनदा सोडून पाय साबणाने धुवायचा, कोरडा करायचा, कातडीला खोबरेल, पुन्हा बांधायची. दुपारी अकरा ते तीन पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडायचं, पंख्याखाली. मेसमध्ये उंच स्टूल घेतलं; पोळ्या बसून लाटता येतात, भाजायला उठावं लागतं. प्रत्येक वीस पोळ्यांनंतर टाचा दहा वेळा वर-खाली. हा वीस पोळ्यांचा हिशेब त्यांचा स्वतःचा. घड्याळ पाहायला त्यांना सवड नसते.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नीट झाली आणि पोरं गावी गेली. मेस बंद. मावशी पहिल्यांदाच पाच आठवडे ओट्यापासून लांब. जखम त्याच काळात झपाट्याने भरली. तेव्हा यश सगळं लेझरचं असं मी म्हणणार नाही. शीर बंद होणं, पट्टी टिकणं आणि मेसची सुट्टी, तिन्ही एकदम आलं. कुणाचा वाटा किती हे एका पायावरून ठरत नाही. सहाव्या आठवड्यात जखम नखाएवढी उरली होती. ६३ व्या दिवशी, जूनच्या मध्यात, वर गुलाबी कातडं. नवी बॅच येऊन चार दिवस झाले होते.

राहिलेलं सांगतो. पोटरीवर जिथे फेस गेला तिथे तपकिरी रेघ उमटली आहे. महिन्यांनी फिकी होईल, कदाचित पूर्ण जाणार नाही. गुडघ्याखाली दोन बोटं रुंदीची जागा बधिर आहे. घोट्याचं काळं कातडं काळंच राहिलं, फक्त मऊ झालं. तीन महिन्यांच्या डॉपलरमध्ये ती आडवी शीर तीन मिलिमीटरवर आली आणि गळायची थांबली. आता दिवसभर गुडघ्यापर्यंतचे दाबमोजे, दुसऱ्या वर्गाचे, घोट्यापाशी २३ ते ३२ मिलिमीटर (पाऱ्याच्या) दाबाचे. दोन जोड घेतले, एक धुवायला. पहाटे अंथरुणातून पाय खाली टेकवायच्या आधीच चढवायचे. चढत नव्हते, तर मुलाने दुधाची रिकामी पिशवी पावलात घालून त्यावरून मोजा सरकवला आणि पिशवी बोटांकडून ओढून काढली. हे मोजे बोटांपाशी उघडे असतात. आमच्या ओपीडीत आता सगळ्यांना हेच दाखवतो.

माझ्या ओपीडीत आणखी एक गोष्ट बदलली. तपासणीच्या टेबलाशेजारी फूटभर उंचीचा लाकडी पाट ठेवलाय. घोट्यावर जखम घेऊन येणाऱ्याने आधी त्यावर उभं राहायचं, आडवं नंतर व्हायचं.

परवा मावशी लोहाच्या गोळ्या संपल्या म्हणून आल्या, तेव्हा उजवा पाय पुढे करून म्हणाल्या, ‘ह्याचं काय?’ उभं करून पाहिलं. त्याच दोन नसा, सूज नाही, डाग नाही. डॉपलर दिवाळीत करायचं ठरलं आहे. मेसला तेव्हा सुट्टी असते.